खिडकीशेजारी चित्रांचा कोपरा कसा करायचा

घरात चित्रं काढायला जागा नाही म्हणून ज्यांचं राहून गेलंय त्यांच्यासाठी हे लिहितेय. वेगळी खोली लागत नाही, खरंच नाही लागत. एक खिडकी हवी आणि तिच्या शेजारी साधारण ३ बाय ४ फूट जागा, जिथे अर्धवट चित्र रात्रभर तसंच पडून राहिलं तरी कोणी उचलणार नाही. हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. डायनिंग टेबलवर रंगवायला बसलं की जेवायच्या वेळी सगळं आवरा, दुसऱ्या दिवशी परत मांडा, आणि मग मांडायचाच कंटाळा येतो, असं करत करत शाळेत एलिमेंटरी-इंटरमिजिएटला ए ग्रेड मिळवलेली माणसंसुद्धा वर्षानुवर्षं ब्रश हातात घेत नाहीत. तेव्हा घरच्यांशी आधीच बोलून घ्या, ही जागा माझी, इथे कपड्यांचा स्टँड येणार नाही, इस्त्रीचे कपडे येणार नाहीत.

आता खिडकी कुठली. एका सुट्टीच्या दिवशी घरातल्या प्रत्येक खिडकीजवळ एक कोरा पांढरा कागद ठेवा आणि सकाळी, दुपारी, चार वाजता असं जाऊन नुसतं बघा. कागदावर उन्हाचा पट्टा येतो का, ग्रिलची सावली पडते का, आणि कागद पांढराच दिसतो का. समोरच्या बिल्डिंगला नुकताच केशरी रंग दिला असेल तर दुपारी तिच्यावरून येणारा उजेड तुमच्या कागदावर हलकी केशरी छटा टाकतो, ते नुसतं उभं राहून लक्षात येत नाही पण पांढऱ्या कागदावर लगेच कळतं. तसंच रंगीत पडद्यांचं. लाल किंवा निळा पडदा असेल तर रंग मिसळताना डोळा फसतो, म्हणून तिथे साधा पांढरा पातळ पडदा लावा, मलमल किंवा व्हॉईल, तो ऊन मऊ पण करतो.

उत्तरेची खिडकी चित्रकारांना आवडते कारण तिकडून थेट ऊन येत नाही, दिवसभर उजेड एकसारखा राहतो. पण आपल्याकडे एक गंमत आहे. मुंबई-पुण्यात साधारण मेच्या मध्यापासून जुलैच्या शेवटापर्यंत सूर्य दुपारी डोक्याच्या थोडा उत्तरेला असतो, त्यामुळे त्या दिवसांत उत्तरेच्या खिडकीत सकाळ-संध्याकाळ तिरपं ऊन शिरतं आणि दक्षिणेच्या खिडकीत थेट ऊन जवळजवळ येतच नाही. डिसेंबरात बरोबर उलटं, दक्षिणेकडून ऊन खोलीत आतपर्यंत येतं. म्हणजे दक्षिणेची खिडकी असली तरी नाराज होऊ नका, हिवाळ्यात पातळ पडदा ओढा, झालं. पूर्वेची असेल तर दुपारनंतर बसा. पश्चिमेची सगळ्यात अवघड, तिथे चारनंतर रंगवू नका, तेव्हा बाहेर बघून पेन्सिलने स्केच करा.

मग येते टेबलाची दिशा, आणि इथे बहुतेक जण टेबल सरळ खिडकीला चिकटवून बाहेर तोंड करून बसतात कारण व्ह्यू बघायचाय. मला ते पटत नाही. बाहेर लख्ख उजेड असतो, डोळा त्याला सरावतो, मग समोरचा कागद काळपट वाटायला लागतो आणि रंग गडद-फिका किती करायचा हा अंदाजच चुकतो. टेबल खिडकीला आडवं ठेवा, म्हणजे खिडकी तुमच्या बाजूला येईल. उजव्या हाताने काम करत असाल तर खिडकी डावीकडे, डावखुरे असाल तर उजवीकडे, नाहीतर स्वतःच्याच हाताची सावली ब्रशच्या टोकावर पडते. मान वळवली की बाहेरचं दिसतं, तेवढं पुरतं, उलट बरंच. वीस मिनिटांनी एकदा वीस फुटांपलीकडे वीस सेकंद बघा असं डोळ्यांसाठी सांगतात ना, ते या जागेत आपोआप होतं.

व्ह्यू खिडकीवर जेवढा अवलंबून असतो तेवढाच तुमच्या डोळ्यांच्या उंचीवरही असतो हे लक्षात ठेवा. फ्लॅटमध्ये खिडकीचा कट्टा बऱ्याचदा तीन फुटांच्या आसपास असतो. जमिनीवर चौरंग घेऊन बसलात तर डोळे अडीच फुटांवर, म्हणजे दिसणार फक्त भिंत आणि वर आकाशाचा तुकडा. साध्या खुर्चीत डोळे पावणेचार-चार फुटांवर येतात, ठीक आहे. पण सगळ्यात छान म्हणजे तीन फूट उंचीचं टेबल आणि त्याला साजेसं २४-२६ इंची उंच स्टूल, पाय टेकवायला आडवी दांडी असलेलं. कट्ट्याच्या उंचीला टेबल आलं की कट्टासुद्धा टेबलाचाच भाग होतो, पाण्याचे दोन डबे (एक ब्रश धुवायला, एक स्वच्छ पाण्याचा) तिथेच बसतात. नवीन टेबल घ्यायचं नसेल तर सुताराकडून १९ एमएम प्लायची फळी भिंतीला फोल्डिंग ब्रॅकेटवर लावून घ्या. अडीच बाय दोन फूट फळी पुष्कळ झाली, कारण इम्पीरियल कागद २२ बाय ३० इंचांचा असतो आणि घरी आपण बहुतेक वेळा त्याचा अर्धा किंवा पाव भागच वापरतो.

आणि खिडकीच्या किती जवळ बसता त्यावर पण ठरतं. अगदी जवळ बसलात तर खालचा रस्ता दिसतो, भाजीची गाडी, रिक्षा, माणसं. चार फूट मागे सरकलात की गच्च्या, पाण्याच्या टाक्या आणि आकाश. दोन्हीकडे एकेक दिवस बसून बघा, मग फळी ठोका.

ग्रिल आणि जाळीचं आता. पांढरं ग्रिल उन्हात चमकतं आणि नजर तिथेच अडते. तेच आतल्या बाजूने काळा किंवा गडद राखाडी मॅट ऑइलपेंट मारला की गज जवळजवळ विसरायला होतात. डासांच्या जाळीचं पण तसंच, पांढरी जाळी धुकं पडल्यासारखी दिसते, काळी जाळी आरपार दिसते. पूर्ण कोपऱ्यात मला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त फरक पाडणारी गोष्ट हीच वाटते. रंग देण्याआधी सोसायटीचा नियम विचारून घ्या, बाहेरच्या बाजूचा रंग बदलायला बऱ्याच ठिकाणी परवानगी नसते.

समोर झाड असेल तर तुम्ही नशीबवान. आमच्या खिडकीसमोर सोनमोहर आहे, उन्हाळ्यात वर पिवळे तुरे आणि त्याच झाडावर तांबूस तपकिरी शेंगा, नुसत्या येलो ऑकर आणि बर्न्ट सिएनाने अख्खी दुपार जाते. झाड नसेल तर व्ह्यू थोडा आपण तयार करायचा. ग्रिलच्या आत (बाहेर नको, खाली कोणाच्या डोक्यात पडेल) एक जास्वंद ठेवा, शिंजीर (सनबर्ड) येतो. एक कढीपत्ता किंवा लिंबाची कुंडी ठेवा, त्यावर एक काळं फुलपाखरू अंडी घालतं, त्याची अळी आधी पक्ष्याच्या शिटेसारखी काळपट-पांढरी दिसते आणि मोठी झाली की एकदम हिरवीगार होते. पानं खाते, खाऊ द्या, टेबलापासून हातभर अंतरावर मॉडेल बसलंय आणि ते फारसं हलत पण नाही. कबुतरांना मात्र दाणे टाकू नका, कट्टा, कागद सगळ्याची वाट लागते.

आणि समोर नुसती दुसरी बिल्डिंग असेल तरी वाईट नाही, मनापासून सांगते. जाड पुठ्ठ्यात ३ बाय ४ इंचांची चौकट कापा आणि एक डोळा मिटून तिच्यातून बघा. अख्खी बिल्डिंग कंटाळवाणी असते पण एक गॅलरी, तिच्यातली वाळत घातलेली साडी, एसीखालचा पाण्याचा ओघळ आणि पत्र्याच्या शेडची तिरकी सावली, एवढंच चौकटीत घेतलं की चित्र तयार. लोकांच्या घरात आत डोकावणारं मात्र काढू नका, गॅलरीपर्यंत थांबा.

पावसाळ्याची तयारी वेगळी लागते. खिडकीजवळचा कागद दमट होतो, आणि वॉटरकलरचा चांगला कागद बरेच दिवस ओलसर राहिला तर त्याचं सायझिंग (पाणी लगेच शोषलं जाऊ नये म्हणून कागदाला दिलेली खळ) बिघडतं, मग तो टीपकागदासारखा रंग शोषतो आणि ठिपके उमटतात. ३०० जीएसएमचे (म्हणजे जाड) महाग कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या टाकून आडवे ठेवा, आणि बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात नको, तिथे ओल येते. रंगांचा डबा ओला असताना बंद केला की वड्यांवर बुरशी येते, रात्रभर उघडा ठेवा. एक फायदा पण आहे, हवा दमट असल्यामुळे रंग सावकाश वाळतो, ढग आणि पावसाळी आकाश ओल्यावर ओलं (ओल्या कागदावर ओला रंग सोडून) रंगवायला जुलैसारखा महिना नाही.

ऑफिसवरून येऊन रात्रीच बसायला मिळत असेल तर दिव्यावर थोडे पैसे घाला. बॉक्सवर सीआरआय (दिव्यात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, १०० पैकी) ९० किंवा जास्त आणि साधारण ५००० केल्विन (म्हणजे दिवसासारखा पांढरा उजेड) लिहिलेलं बघा. साध्या एलईडीचा सीआरआय ८० च्या आसपास असतो, त्यात लाल रंग मेल्यासारखे दिसतात आणि सकाळी बघितलं की चित्र वेगळंच निघतं.

ऑइल पेंट वापरणार असाल तर खिडकी उघडी हवीच, टर्पेंटाइनचा वास बंद खोलीत साठू देऊ नका. आणि ऑइल पेंट पुसलेली, म्हणजे जवसाच्या तेलाची फडकी कधीही चुरगाळून डब्यात टाकू नका, ती वाळताना तापतात आणि आपोआप पेट घेऊ शकतात. दोरीवर एकेक पसरून वाळवा, किंवा पाण्यात बुडवून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा आणि मग टाका. लहान मुलं असतील तर हा डबा वरच्या फळीवर.