जनरेटरचा सेल्फ लागत नाही? नवीन बॅटरी आणायच्या आधी या चुका टाळा

पावसाळा आला, लाईट जायला लागली की मग कोपऱ्यात पडलेला जनरेटर आठवतो. चावी फिरवली की नुसतं खट खट, किंवा तेही नाही. मग कोणीतरी म्हणतं बॅटरी गेली आणि माणूस सरळ दुकानात जाऊन नवीन बॅटरी घेऊन येतो. हीच सगळ्यात महागडी चूक आहे, कारण बॅटरी उतरणं आणि बॅटरी खराब होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि ती का उतरली ते शोधलं नाही तर नवीन बॅटरीचंही पुढच्या सीझनला तेच होणार.

पहिलं म्हणजे मल्टीमीटर (व्होल्टेज मोजायचा मीटर) लावा. साधा मीटर चालतो, आणि जनरेटर ठेवणाऱ्याकडे तो असायलाच हवा. चार्जिंग काढून काही तास झाल्यावर टर्मिनलवर 12.6 व्होल्टच्या वर दाखवत असेल तर बॅटरी फुल आहे, 12.2 म्हणजे साधारण निम्मी, 11.8 च्या खाली म्हणजे रिकामीच समजा. पण एवढ्यावर थांबू नका. कोणाला तरी चावी फिरवायला सांगा आणि त्याच वेळी मीटर बघा. आधी 12.6 होते आणि सेल्फ मारताच धाडकन 7-8 वर आले तर बॅटरी आतून गेलीये. 11 च्या आसपास टिकतंय तरी सेल्फ फिरत नाही, मग बॅटरीला दोष देऊ नका, गडबड वायर, रिले (चावी फिरवली की सेल्फला करंट सोडणारा स्विच) नाहीतर सेल्फमध्ये आहे. आणि सेल्फ जोरात फिरतोय पण इंजिन घेत नाही, तर आधी ऑइल बघा, पेट्रोलचा कॉक बघा. बऱ्याच जनरेटरला ऑइल कमी झालं की इंजिन चालू न होऊ देणारा सेन्सर असतो आणि लोक तिथे सेल्फ मारून मारून चांगली बॅटरी उतरवतात.

आता सगळ्यात जास्त दुर्लक्ष होणारी जागा, ती म्हणजे अर्थची वायर, बॅटरीच्या निगेटिव्हवरून इंजिनच्या बॉडीला जाणारी. गणपतीच्या मंडपात एका डेकोरेशनवाल्याच्या जनरेटरला नवी कोरी बॅटरी लावलेली बघितली तरी नुसतं खट खट. थिंबल (वायरच्या टोकाची धातूची कडी) वरून चकचकीत, पण जिथे ती बोल्टने बॉडीला लावलेली तिथे खाली रंग आणि गंज. बोल्ट काढला, पॉलिश पेपरने धातू दिसेपर्यंत घासलं, परत आवळलं आणि पहिल्या चावीला इंजिन चालू. हे घरी तपासायचं असेल तर मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर आणि दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर ठेवा आणि सेल्फ मारा, अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दाखवलं की समजायचं वायर किंवा जोड करंट खातोय. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी आली असेल तर वायरी काढून (आधी निगेटिव्ह) कोमट पाण्यात खाण्याचा सोडा टाकून ब्रशने धुवा, वाळवा, घट्ट लावा आणि वरून व्हॅसलीनचा हात फिरवा.

बॅटरी उतरते कशाने? बहुतेकांना वाटतं सेल्फ मारल्याने. खरं तर इंजिन लगेच चालू होत असेल तर 100 अँपिअर करंट 3 सेकंद खेचला तरी हिशोबाने 0.1 अँपिअर-तासही (बॅटरीत किती चार्ज मावतो ते मोजायचं माप) जात नाही, ते इंजिन थोडा वेळ चाललं की भरून निघतं. बॅटरी मरते ती महिनोन्महिने नुसती पडून राहिल्याने, ती आपोआप थोडी थोडी उतरत जाते, उन्हाळ्यात तर जास्तच, आणि उतरलेल्या अवस्थेत राहिली की प्लेटवर सल्फेट कडक होऊन बसतं आणि मग चार्जिंग घेतच नाही. चावी ऑनवर राहिली तर अजून लवकर. म्हणून महिनाभरात एकदा चार्जर लावा, किंवा जास्त दिवस लागणार नसेल तर निगेटिव्ह वायर काढून ठेवा.

"पूर्ण उतरलीये, जनरेटर चालवून चार्ज करू" हेही जमत नाही. छोट्या जनरेटरची चार्जिंग कॉइल फार थोडा करंट देते, एक अँपिअर धरला तरी 9 अँपिअर-तासाच्या रिकाम्या बॅटरीला नऊ-दहा तास लागतील, तेवढं पेट्रोल कोण जाळणार? त्यापेक्षा चार्जर लावा. पण घरच्या इन्व्हर्टरला जोडू नका!! तो 150 अँपिअर-तासाच्या बॅटरीसाठी आहे, छोटी सीलबंद बॅटरी तापून फुगते. करंट बॅटरीच्या क्षमतेच्या दहाव्या भागाएवढा ठेवा, म्हणजे 9 ला 0.9 अँपिअर. पाण्याची बॅटरी असेल तर फक्त डिस्टिल्ड वॉटर, आरओचं नाही, ॲसिड तर अजिबात नाही. चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन निघतो, जवळ विडी-काडी नको.

लाईट आत्ता गेलीये आणि घाई आहे, तर ज्याला दोरी आहे तो दोरी ओढून चालू करा, बहुतेक पेट्रोल जनरेटरला ठिणगीसाठी बॅटरी लागत नाही. गाडीवरून जंप द्यायचा (गाडीच्या बॅटरीला वायरी जोडून सेल्फ मारायचा) तर गाडी 12 व्होल्टचीच हवी आणि तिचं इंजिन बंद. आधी दोन्ही पॉझिटिव्ह जोडा, मग गाडीचा निगेटिव्ह, आणि शेवटचा चिमटा जनरेटरच्या इंजिनच्या धातूला, बॅटरीपासून लांब. सेल्फ पाच सेकंदांच्या वर दाबून धरू नका, मध्ये दहा-पंधरा सेकंद थांबा, नाहीतर सेल्फचं वाइंडिंग जळतं. आणि पाऊस आहे म्हणून घरात किंवा शटर ओढून जनरेटर चालवू नका, त्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणसं झोपेतच जातात.

चालू झाला की परत मीटर लावा. 13.5 ते 14.5 दिसलं तर चार्जिंग ठीक, 12.3 वरच अडकलं तर मेकॅनिकला फ्यूज आणि रेग्युलेटर दाखवा. हे सगळं करूनही बॅटरी चार्जच धरत नसेल तर मगच नवीन घ्या. घेताना तेवढेच अँपिअर-तास, टर्मिनल त्याच बाजूला आणि बनवल्याची तारीख ताजी बघा, दुकानातच व्होल्टेज मोजून मागा, आणि जुनी बॅटरी दुकानदारालाच परत द्या, शिशाची असते त्यामुळे तिचे पैसेही नव्या बॅटरीच्या किमतीतून कापून मिळतात.