गोडी छाटणीची कात्री दारातल्या वेलीला लावू नका

ऑक्टोबर उजाडला की नाशिकच्या द्राक्षपट्ट्यात, निफाड-पिंपळगावकडे गोडी छाटणीसाठी, म्हणजे फळ धरण्यासाठी केल्या जाणाऱ्या द्राक्षछाटणीसाठी, सगळ्यांच्याच हातात कात्री असते. दिवसभर बागेत काड्या कापून घरी आलं की दारातली वेलही वाढलेलीच दिसते, आणि हात शिवशिवतो. पण द्राक्षाचं गणित संक्रांतवेलीला लागू पडत नाही. तिला जानेवारीत येणारे नारिंगी घोस आत्ता वाढत असलेल्या फांद्यांच्या टोकाला धरतात. आज शेंडे उडवलेत, तर संक्रांतीला नुसता पाला बघत बसावं लागेल. तिची छाटणी फुलं झडल्यावर करा. मोगऱ्याचंही आत्ता काही करू नका. नोव्हेंबरअखेर त्याचं पाणी तोडा आणि छाटणी डिसेंबरच्या उत्तरार्धात घ्या. बोगनवेलीला पाणी कमी करा, युरिया तर मुळीच नको.

नवीन लावायचं असेल तर गोकर्ण जूनवर ठेवा, थंडीत ती वाढत नाही. आत्ताचा हंगाम स्वीट पी आणि गुलखैऱ्याचा (हॉलीहॉकचा). निफाडचा पारा ज्या थंडीत घसरतो आणि द्राक्षवाले पहाटे शेकोट्या पेटवतात, ती थंडी स्वीट पीला मानवते.

स्वीट पीचं बी टणक असतं. रात्रभर पाण्यात भिजवा. सकाळी जे फुगलं नसेल त्याला नेलकटरने बारीकशी खाच पाडून पुन्हा भिजत घाला. वाफसा आल्यावर, म्हणजे माती ओलसर पण चिकट नसताना, इंचभर खोल, सहा-सहा इंचांवर टोचा. काळी जमीन असेल तर शेणखत घालून वाफा वीतभर उंच करा, कारण परतीचा पाऊस आला आणि पाणी साचलं की बी कुजतं. हे पीक शेंगवर्गातलं, म्हणून नत्र वेगळं देऊ नका. तीन-चार पानजोड्या झाल्या की शेंडा खुडा. खुडताना जीवावर येतं, पण बाजूचे फुटवे त्यानेच निघतात.

आधार पेरतानाच उभा करा. बागेतून निघालेल्या द्राक्षकाड्या यासाठी झकास. त्यांच्या फाट्यांना स्वीट पीचे ताणे आपोआप धरतात, सुतळी बांधत बसावं लागत नाही. मात्र काड्या आधी उन्हात कडक वाळवा आणि साल सुटलेल्या टाकून द्या. सालीखाली पिठ्या ढेकूण ही रस शोषणारी कीड लपते, आणि द्राक्षावरचा गुलाबी पिठ्या जास्वंदीवरही तितक्याच आनंदाने बसतो.

गुलखैरा सहा-सात फूट जातो, म्हणून तो भिंतीलगत हवा, पण सावलीत नको. त्याचं सोटमूळ खोल जातं, रोपं उपटून लावली की रुसतात. म्हणून जागेवरच पेरा, दोन रोपांत दीड फूट ठेवा. जवळजवळ लावलेल्या रोपांत वारा खेळत नाही आणि खालच्या पानांच्या पाठीवर तांबेऱ्याचे फोड येतात. अशी पानं काढून जाळा, खताच्या खड्ड्यात नको. पाणी बुडाशी द्या. कमरेएवढा झाला की बांबू लावून आठच्या आकडयात सैल बांधा.

स्वीट पीवर भुरी, म्हणजे पानांवर पांढरी भुकटी, दिसली तर पाण्यात मिसळणारं गंधक लिटरला २ ग्रॅम, सकाळच्या गारव्यात फवारा. फुलं मात्र एक दिवसाआड तोडत राहा. शेंगा धरू दिल्या की बहर थांबतो, आणि त्या वाटाण्यासारख्या दिसत असल्या तरी विषारी असतात. घरात लहान मुलं असतील तर वाळलेल्या शेंगाही वेलीवर ठेवू नका.