कुळाचा स्मरणदिन ग्वाल्हेरात: नावं जुळवण्यापासून पंगतीपर्यंत

शिंद्यांच्या फौजेबरोबर उत्तरेत आलेल्या घराण्यांच्या कुलमंडळात वर्षाचं मुख्य काम एकच: १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर पडलेल्या पूर्वजांची नावं सगळ्यांसमोर वाचणं. भाषणं, सत्कार, फोटो हे त्यानंतर. नावं चुकली तर बाकी सगळं फुकट, म्हणून तयारीचा बहुतेक वेळ यादीला द्या.

दिवाळी झाली की कामाला लागा. प्रत्येक घराकडून वंशावळ मागवा आणि आधी पिढ्या मोजा. पिढीला २५ ते ३० वर्षं धरली तर १७६१ पासून आजपर्यंत नऊ-दहा पिढ्या भरायला हव्यात. कागदावर सहाच दिसल्या तर मधली माणसं गळाली आहेत. नातवाला आजोबांचं नाव ठेवायची आपली रीत. त्यामुळे एका पिढीआडचे दोन जण एकच समजले जातात. दुसरा घोटाळा दत्तकाचा. दत्तक गेलेल्याचं नाव जन्मघराच्या शाखेतही असतं आणि दत्तकघराच्याही, म्हणून दोन्हीकडे खूण करा. लेकी गाळू नका. कितीतरी घरांचे कागद लेकींच्या सासरीच जपलेले असतात.

मोडी पत्रात सन बहुधा अरबी शब्दांत असतो, आणि तो एककापासून वाचायचा. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे १ + ६० + १०० + १०००, सुहूर सन (मराठ्यांच्या दप्तरातली कालगणना) ११६१. हा सन मृगापासून लागतो. पत्र जून ते डिसेंबरमधलं असेल तर ५९९ मिळवा, जानेवारी ते मेमधलं असेल तर ६००. म्हणजे हे पानिपतचंच वर्ष. फसली, म्हणजे महसुली सन, समजून ५९० मिळवले की दहा वर्षं मागे जाल. कागद फाटका असला तरी त्याला सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको. खिडकीच्या उजेडात, फ्लॅश न वापरता फोटो घ्या.

घरात कागद नसेल तर तीर्थोपाध्यायांच्या, म्हणजे तीर्थक्षेत्री यात्रेकरूंच्या वंशावळी नोंदवणाऱ्या पुरोहितांच्या, वह्या पाहा. तिथे आडनाव, मूळ गाव आणि एका पूर्वजाचं नाव लागतं. जुन्या नोंदी दख्खनच्या गावाखाली असतात, पुढच्या ग्वाल्हेर किंवा तिथल्या ‘लष्कर’ या वस्तीखाली. दोन्ही नावांनी विचारा.

यादीत प्रत्येक नावापुढे ‘कागद’, ‘वही’ किंवा ‘ऐकीव’ लिहा. ऐकीव नावंही वाचावीत, पण शेवटी आणि ‘घराच्या आठवणीप्रमाणे’ असं सांगून. ती सरसकट मिसळली की वर्षा-दोन वर्षांत ऐकीवाचा इतिहास होतो.

पानिपतची तारीख आता संक्रांतीला येते, घरोघरी सण असतो. तेव्हा जवळचा रविवार धरा आणि अकराच्या आधी सुरुवात नको: धुक्यामुळे दिल्ली-झाशी मार्गावरच्या गाड्या रखडतात, आणि वडीलधाऱ्यांना ती सकाळची थंडी सोसत नाही.

वाचन मुलांकडून करून घ्या. अक्षर मोठं, एका ओळीत एकच नाव. हिंदी शाळेत शिकलेली मुलं ‘ळ’चा ‘ल’ करतात, ‘जाधव’मधला ज हिंदीसारखा उच्चारतात. आदल्या संध्याकाळी दोनदा मोठ्यानं वाचून घ्या. ज्या घराचं नाव येईल त्या घरानं उभं राहावं. सुरुवात दत्ताजी शिंद्यांपासून, कारण ते वर्षभर आधीच, जानेवारी १७६० मध्ये, दिल्लीजवळच्या बुराडी घाटावर पडले. मग जनकोजी शिंदे, मग आपापली घरं. जखमी महादजी शिंद्यांना रणातून सुखरूप आणणाऱ्या राणेखान भिश्तीचं नावही घ्या. ते वगळलं तर ही सभा फक्त आडनावांची होईल.

मग तिळगूळ. शंभर माणसांना एक किलो तीळ, एक किलो गूळ, पाव किलो दाण्याचं कूट. बावीसेक ग्रॅमचे शंभर लाडू होतात. एवढा पाक एकदम करू नका. ग्वाल्हेरच्या थंडीत तो मिनिटांत आळतो, मग लाडू वळत नाहीत, फुटतात. अर्धा-अर्धा किलोचा घाणा घ्या, कढई मंद आचेवर राहू द्या आणि वळायला चार जणी-चार जण बसवा. गुळपोळ्या माणशी दोन, आदल्या दिवशीच. मसालेभाताला आठ किलो तांदूळ पुरतात. शेजारच्या मुरैन्याची गजक आणलीत तर मुलं खूश.

पंगतीत घराघरानं बसू देऊ नका. चिठ्ठ्या काढून एका आजोबांशेजारी दुसऱ्या घरचं नातवंड बसवा. ओळख तिथेच होते. जून १८५८ मध्ये ग्वाल्हेरात पडलेल्या राणी लक्ष्मीबाईंच्या फुलबागेतल्या समाधीला १८ जूनला जायचं कोण बघणार, तेही पंगतीतच ठरवा. त्या उन्हात सकाळी सहाची वेळच बरी.

वर्गणी माणशी न घेता घरामागे घ्या आणि हिशेब पानं उठायच्या आत वाचून दाखवा. यादीतल्या दुरुस्त्या मात्र तोंडी घेऊ नका, सांगणाऱ्याच्या सहीनं लिहून घ्या. सुधारलेली प्रत त्याच रात्री प्रत्येक घरी गेली नाही, तर पुढच्या वर्षी कुणीतरी जुनीच यादी घेऊन वाचायला उभं राहतं.