उन्हाळ्यात पिकअपचा तापमानाचा काटा कुठे असावा?

गाळप हंगाम आटोपत आला की आपल्या भागातल्या पिकअपना खरी ओढ लागते. लागणीचं बेणं, जनावरांसाठी उसाचं वाडं, मार्केट यार्डात जाणारे गुळाचे रवे, शिरोळ-हातकणंगल्याची भाजी घेऊन गोवा आणि येताना कोकणातून आंबा नाहीतर नारळ. हे सगळं मार्च ते मे महिन्याच्या उन्हात. याच दिवसांत एक सल्ला हमखास कानावर येतो: गाडी तापते ना, मग थर्मोस्टॅट, म्हणजे रेडिएटरकडे जाणारं पाणी अडवणारी-सोडणारी झडप, काढून टाका. हा सल्ला ऐकू नका.

डिझेल इंजिनाला उष्णता लागतेच. बहुतेक पिकअपमध्ये इंजिन नीट तापलं की कूलंटचं (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचं) तापमान साधारण ८२ ते ९५ अंश सेल्सिअस राहतं, आणि याच पट्ट्यात डिझेल पूर्ण जळतं, ऑइल हवं तितकं पातळ राहतं. भरल्या गाडीनं घाट चढताना ते शंभरच्या आसपास गेलं आणि सपाटीला आल्यावर काही मिनिटांत उतरलं, तर घाबरण्याचं कारण नाही. १०५ च्या पुढे जाऊन चढतच राहिलं, तर मात्र गाडी बाजूला घ्यायची. नेमके आकडे प्रत्येक गाडीचे थोडे वेगळे असतात, ते गाडीच्या पुस्तिकेत बघा.

शंभर अंशाला पाणी उकळतं, मग रेडिएटरमधलं का उकळत नाही? कारण झाकणामुळे आत साधारण एक बारचा दाब धरला जातो आणि पाण्यात कूलंट मिसळलेलं असतं. निम्मं कूलंट, निम्मं पाणी आणि झाकण घट्ट असेल, तर उकळबिंदू १२० च्याही पुढे जातो. झाकणाचा रबर वाळला की दाब टिकत नाही आणि सगळा हिशोब कोलमडतो. अनेकदा दुखणं एवढंच असतं, आणि झाकण काही महाग नाही. इंजिन खोलायला देण्याआधी ते बदलून बघा.

आता थर्मोस्टॅट. इंजिन तापेपर्यंत तो कूलंटला रेडिएटरकडे जाऊ देत नाही, साधारण ८२ अंशांच्या आसपास उघडायला लागतो. तो काढला की सपाट रस्त्यावर इंजिन कायम अर्धवट थंड राहतं. डिझेल जास्त लागतं, न जळलेलं इंधन ऑइलमध्ये उतरतं, लायनर (सिलिंडरचं आतलं अस्तर) झिजतात. १ एप्रिल २०२० नंतरच्या, बीएस-६ या प्रदूषण नियमांच्या गाड्यांना तर हे मुळीच परवडणारं नाही, कारण इंजिन पुरेसं तापलं नाही तर धुराच्या फिल्टरमधली काजळी जळत नाही आणि फिल्टर तुंबतो. रोज सकाळी दोन-तीन किलोमीटर डेअरीला दूध पोचवून लगेच बंद होणाऱ्या गाडीलाही हाच त्रास होतो. अशी गाडी अधूनमधून हायवेला अर्धा तास सलग चालवा. शिवाय थर्मोस्टॅट काढल्यानं मूळ दोष तसाच राहतो. अर्धा तुंबलेला रेडिएटर करूळ किंवा आंबा घाटात उघडा पडणारच.

आपल्याकडे रेडिएटर तुंबतो तो दोन बाजूंनी. बाहेरून उसाचं पाचट, कुसळं आणि धूळ जाळीत बसते. हंगाम संपल्यावर इंजिन थंड असताना, शक्यतो इंजिनाच्या बाजूनं बाहेर, हलक्या धारेनं पाणी मारा. वॉशिंग सेंटरची जोराची धार पत्र्याच्या नाजूक पट्ट्या वाकवते. ग्रिलसमोर लावलेली मोठी पाटी किंवा जादा दिवेही वारा अडवतात, ते काढा. आतून तुंबतो तो क्षारानं. शिरोळकडच्या बोअरचं खारं पाणी पिकाला सोसत नाही, ते रेडिएटरमध्येही ओतू नये. तयार कूलंट वापरा किंवा घट्ट कूलंट डिस्टिल्ड पाण्यात मिसळा, आणि दोन वेगळ्या प्रकारचं कूलंट एकत्र करू नका.

जुनं कूलंट काढाल तेव्हा ते गोठ्याजवळ सांडू देऊ नका. बहुतेक कूलंटमधलं ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी असतं. जनावरं, कुत्री ते चाटतात आणि मूत्रपिंड निकामी होऊन दगावतात.

कोकणात उतरताना इंजिन तापत नाही, कस लागतो तो माल भरून वर येताना. वरच्या गिअरात इंजिन घुसमटत ओढू नका. एक गिअर खाली घेतलात की इंजिनाचे फेरे वाढतात, वॉटर पंप जास्त पाणी फिरवतो आणि गाडी कमी तापते. काटा चढू लागला तर एसी बंद करा, हीटर आणि त्याचा पंखा पूर्ण सोडा. काचा उघडून घाम पुसत बसावं लागेल, पण इंजिनाची बरीच उष्णता केबिनमधून निघून जाते.

थांबलात की इंजिन मिनिटभर तसंच चालू ठेवा, टर्बोलाही (इंजिनात जादा हवा दाबणाऱ्या पंख्यालाही) ते बरं. वाफ येत असेल, ऑइलचा दिवा लागला असेल किंवा कूलंट सांडत असेल, तर मात्र ताबडतोब बंद करा. गरम झाकण उघडायचं नाही, अर्धा-पाऊण तास गेल्याशिवाय तर नाहीच. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतलं तर इंजिनाचं हेड (वरचं झाकण) वाकतं किंवा तडकतं.

एका गोष्टीनं बरेच ड्रायव्हर फसतात. नव्या गाड्यांचा काटा बऱ्याच मोठ्या पट्ट्यात मुद्दाम मध्यावर स्थिर ठेवलेला असतो, म्हणजे तो हलला तेव्हा इंजिन बरंच तापलेलं असतं. आणि होज (रबरी पाइप) फुटून सगळं कूलंट वाहून गेलं, तर सेन्सरभोवती पाणीच उरत नाही आणि काटा उलट खाली येऊ शकतो. म्हणून चढावर काटा अचानक पडला, तर गाडी सुधारली असं समजू नका. थांबून खाली बघा.

थांबायची जागाही पारखून घ्या. घाट चढून आलेल्या गाडीचा सायलेन्सर, आणि फिल्टर काजळी जाळत असेल तर त्याच्या आतला भाग, कित्येकशे अंश तापलेला असतो. वाळलेलं गवत किंवा शेतातलं पाचट त्याला टेकलं की पेट घेतं. गाडी मुरमावर किंवा डांबरावर उभी करा, पाचटावर नको.