अमेरिकेत कॅम्पसवर काम: ठाणे-नवी मुंबईतून निघणाऱ्यांनी काय माहीत करून घ्यावं

ऐरोली, नेरूळ, खारघरच्या कॉलेजांतून दरवर्षी मुलं मास्टर्ससाठी अमेरिकेला जातात आणि जाण्याआधी एकच प्रश्न सगळ्यांना पडतो: कॅम्पसवर काम करायचं तर परवानगी कुठून घ्यायची? एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर त्यासाठी वेगळं कार्ड किंवा वेगळा सरकारी अर्ज नसतो. ही मुभा एफ-१ दर्जातच धरलेली आहे. मात्र तिच्या अटी कडक आहेत, आणि कागद ठरावीक क्रमानेच लागतात. क्रम चुकला की पहिला पगार लांबतो. अट मोडली तर शिक्षणच धोक्यात येतं. जे-१ या एक्स्चेंज व्हिसावाल्यांना काम सुरू करण्याआधी आपल्या प्रायोजक संस्थेची लेखी मंजुरी लागते, त्यामुळे पुढचं सगळं एफ-१ पुरतं समजावं.

आधी पैशांचं. किमान वेतनाचा केंद्रीय दर तासाला ७.२५ डॉलर आहे. बऱ्याच राज्यांत तो जास्त असतो, पण केंद्रीय दराने आठवड्याचे २० तास म्हणजे करकपातीआधी १४५ डॉलर. त्यातून किराणा आणि फोन निघेल. फी आणि भाडं निघेल असं गृहीत धरून कर्जाची रक्कम कमी करू नका. बीकेसीतल्या व्हिसाच्या मुलाखतीत खर्चाबद्दल विचारलं, तरी पार्टटाइम नोकरीचं नाव काढू नये. पहिल्या वर्षाचा पैसा कुठून येणार हे विद्यापीठाने दिलेल्या आय-२० या प्रवेशाच्या कागदावर आधीच नमूद असतं आणि तेच सांगायचं. विद्यापीठाने असिस्टंटशिप (शिकवण्यात किंवा संशोधनात मदतीचं पगारी काम) देऊन ती आय-२० वर लिहिली असेल तर गोष्ट वेगळी, ती जरूर सांगा.

पासपोर्टवरचं नाव निघण्याआधी नीट बघा. आपल्याकडे 'गिव्हन नेम'च्या रकान्यात स्वतःचं आणि वडिलांचं नाव एकत्र असतं. आय-२०, आय-९४ (अमेरिकेत प्रवेश केल्याची सरकारी नोंद), सोशल सिक्युरिटी कार्ड (पगार आणि करासाठी लागणाऱ्या सरकारी नंबराचं) आणि पे-रोल या चारही ठिकाणी तेच जसंच्या तसं यायला हवं. एका ठिकाणी वडिलांचं नाव गाळलं आणि दुसरीकडे ठेवलं, की नोंदी जुळत नाहीत आणि अर्ज अडकतो. पासपोर्टची मुदत संपत आली असेल तर नूतनीकरण वागळे इस्टेटच्या केंद्रात इथेच उरकून घ्या. तिकडे पोचल्यावर आय-९४ ऑनलाइन काढा आणि त्यावर दर्जा एफ-१ आहे ना, हे पहिल्याच दिवशी तपासा.

काम शोधताना विद्यापीठाच्या जॉब पोर्टलवर 'वर्क-स्टडी' असा शेरा असलेल्या जागा सोडून द्या. तो केंद्र सरकारच्या आर्थिक मदतीचा भाग आहे आणि तिथे परदेशी विद्यार्थी बसत नाहीत. ग्रंथालय, डायनिंग हॉल, जिम, आयटी हेल्पडेस्क, प्राध्यापकांचे प्रकल्प हे सगळं चालतं. कॅम्पसच्या आवारात विद्यार्थ्यांना सेवा देणारं पुस्तकांचं दुकान किंवा कॅफे खाजगी कंपनीचं असलं तरी चालतं. पण त्याच आवारात इमारत बांधणाऱ्या कंत्राटदाराकडचं काम चालत नाही, कारण ती सेवा विद्यार्थ्यांसाठी नाही. नवीन विद्यार्थ्याला आय-२० वरच्या सुरुवातीच्या तारखेच्या जास्तीत जास्त ३० दिवस आधीपासून काम करता येतं. विभागांना इथूनच मेल करणार असाल तर आपल्या संध्याकाळी करा. उन्हाळ्यात पूर्व किनारा आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असतो, तेव्हा तिथे ऑफिस नुकतं उघडलेलं असतं.

नोकरीचं पत्र हातात आलं की मग सोशल सिक्युरिटी नंबर. नोकरी नसताना नंबर मिळवायला गेलात तर परत पाठवतात. दोन पत्रं लागतात. एक नोकरी देणाऱ्याचं: कामाचं स्वरूप, रुजू होण्याची तारीख, आठवड्याचे तास, वरिष्ठांचं नाव आणि फोन. दुसरं इंटरनॅशनल ऑफिसमधल्या डीएसओचं, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांचे कागद बघणाऱ्या अधिकाऱ्याचं: तुम्ही तिथले विद्यार्थी आहात आणि हे काम कुठे, कसलं आहे. सोबत पासपोर्ट, आय-९४ आणि आय-२० न्या. अर्ज एसएस-५, फी काहीच नाही. रुजू होण्याची तारीख ३० दिवसांपेक्षा लांब असेल तर अर्ज घेत नाहीत. अमेरिकेत उतरल्यावर साधारण १० दिवस थांबून जा, आणि त्याआधी इंटरनॅशनल ऑफिसने सेव्हिस या परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदप्रणालीत तुमची नोंदणी केली आहे याची खात्री करा. ती झाली नसेल तर पडताळणी अडकते. अर्ज केल्यावर कार्ड यायची वाट न बघता काम सुरू करता येतं. नंबर आल्यावर तो पे-रोलला कळवायचा.

कामाच्या पहिल्या दिवशी फॉर्म आय-९ (काम करायला पात्र असल्याचा फॉर्म) मधला तुमचा भाग भरायचा. मूळ कागद तपासून आपला भाग पूर्ण करायला मालकाकडे तीन कामकाजाचे दिवस असतात. झेरॉक्स चालत नाही.

आता वीस तासांची मर्यादा. सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांच्या पुढे एक तासही जायचं नाही, आणि हे तास सगळ्या नोकऱ्या मिळून मोजतात. ग्रंथालयात १२ आणि डायनिंगमध्ये ८ केले की संपलं. २० तासांची टीचिंग असिस्टंटशिप असेल तर वर काहीच घेता येत नाही. सरासरीही चालत नाही: एका आठवड्यात १५ केले म्हणून पुढच्या आठवड्यात २५ करता येत नाहीत. बहुतेक चुका इथेच होतात. मित्राची शिफ्ट परीक्षेच्या आठवड्यात अंगावर घेतली आणि आकडा २२ वर गेला, असं सहज घडतं. परीक्षेचे दिवस सत्रातच मोडतात. पे-रोलचा आठवडा कोणत्या वारी सुरू होतो ते विचारून घ्या आणि तास स्वतः लिहून ठेवा. मोठ्या सुट्टीत पूर्णवेळ काम चालतं, पुढच्या सत्रात शिकणार असाल तर.

कॅम्पसबाहेर ओळखीच्या दुकानात रोख पैशांवर काम किंवा ॲपवरून डिलिव्हरी अजिबात करू नका. अनधिकृत काम सापडलं तर दर्जा जातो, आणि तो पुन्हा मिळवण्याच्या अर्जात पहिली अडचण तीच ठरते. कोर्स संपला की कॅम्पसवरची नोकरीही संपते. नंतर निघायच्या तयारीसाठी मिळणाऱ्या ६० दिवसांतही काम करता येत नाही. ओपीटी ही शिक्षणाशी संबंधित नोकरीसाठीची वेगळी परवानगी आहे, तिचा अर्ज आधी करावा लागतो.

पगाराची पहिली स्लिप नीट वाचा. एफ-१ वर पहिली पाच कॅलेंडर वर्षं सोशल सिक्युरिटी (निवृत्तिवेतन) आणि मेडिकेअर (ज्येष्ठांचा आरोग्यविमा) या योजनांचा मिळून ७.६५ टक्के कर कापायचा नसतो. ऑगस्टमध्ये गेलात तरी ते साल पूर्ण धरतात. कापला असेल तर आधी पे-रोलकडे परत मागा. त्यांनी नाकारलं तर फॉर्म ८४३ आणि ८३१६ भरून आयआरएस या अमेरिकी करखात्याकडे. आयकर मात्र कापला जातो. किती कर कापायचा हे मालकाला सांगणाऱ्या डब्ल्यू-४ फॉर्ममध्ये 'सिंगल' निवडून ४(सी) खाली 'एनआरए' (नॉनरेसिडेंट एलियन) लिहायचं असतं. वर्षाचं आयकर रिटर्न १०४०-एनआर या फॉर्मवर भरा. भारतीय विद्यार्थ्यांना भारत-अमेरिका करकरारातल्या कलम २१(२) मुळे स्टँडर्ड डिडक्शन मिळतं, इतर बहुतेक देशांच्या विद्यार्थ्यांना मिळत नाही, म्हणून वर्गातल्या दुसऱ्याचा फॉर्म बघून भरू नका. एक डॉलरही कमावला नसेल तरी फॉर्म ८८४३ दरवर्षी आयआरएसला पाठवायचा असतो.