जुनी इलेक्ट्रिक गाडी घेताय? स्क्रीन भर दुपारी तपासा

मानेवाड्यात माझं ऑटो-इलेक्ट्रिकचं काम आहे. सेकंडहँड इलेक्ट्रिक गाडी घेणारे रेंज विचारतात, टायर बघतात, पण डॅशबोर्डवरची टच-स्क्रीन नुसती सुरू झाली की खूश होतात. नागपूरच्या मे महिन्यात वर्षानुवर्षं उघड्यावर उभ्या राहिलेल्या गाडीत काचेखालचा गोंद सुटतो, कडा पिवळ्या पडतात, बुडबुडे येतात. तेवढ्यानं अपघात होत नाही. टच मेला किंवा स्क्रीन आपोआप टच घेऊ लागली, तर मात्र जपा.

म्हणून गाडी सकाळच्या गारव्यात बघू नका. तासभर उन्हात उभी करायला लावा, मग बसा. बोट हळूहळू स्क्रीनभर फिरवा. एखादा पट्टा प्रतिसाद देत नसेल, किंवा हात न लावता पंखा कमी-जास्त होत असेल, तर स्क्रीन बदलण्याचा खर्च किमतीतून वजा करून घ्या.

आता मागचा कॅमेरा. ब्रेक दाबून ठेवा, रिव्हर्स टाका. अमेरिकेच्या नियमाप्रमाणे चित्र दोन सेकंदांत यायला हवं. आपणही तेच माप धरू. मग सोबतच्या माणसाला बाजूला उभं राहून कॅमेऱ्यासमोर हात हलवायला सांगा. हात लगेच दिसला पाहिजे. स्क्रीन काळी पडली तर माणूस निदान मान वळवून बघतो. अडकलेलं चित्र मात्र मघाचीच रिकामी गल्ली दाखवत राहतं, आणि तेवढ्यात मागे लेकरू आलेलं असतं. असा कॅमेरा असलेली गाडी मी गिऱ्हाइकाला घेऊ देत नाही.

स्क्रीन बंद पडली तर काय काय बंद पडेल, हेही विचारा. काचेवरची वाफ घालवायचं बटण, वायपर, स्पीड, इंडिकेटरचा आवाज. जुलैच्या पावसात काच धुरकटली आणि एसी फक्त स्क्रीनवरूनच चालत असेल, तर पुढचं काही दिसत नाही.

काच धड असूनही स्क्रीन मरते. २०२१ मध्ये अमेरिकेत टेस्लाला सुमारे १,३५,००० मॉडेल एस आणि मॉडेल एक्स गाड्या परत बोलवाव्या लागल्या. आतली ८ जीबीची मेमरी चिप सतत लिहून-पुसून झिजत होती. ती गेली की मागचा कॅमेराही जायचा. स्क्रीन सुरू व्हायला उशीर, मधेच अडकणं, आपोआप रीस्टार्ट होणं, ही त्या झिजेची लक्षणं.

पण “भाऊ, स्क्रीन बंद-चालू होऊन राहिली” म्हणत कोणी आलं, की मी आधी स्क्रीनला वीज देणारी १२ व्होल्टची छोटी बॅटरी मोजतो. गाडी काही तास बंद असताना लेड-ॲसिड बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. बरीच कमी दाखवली, तर स्क्रीनला हात लावण्याआधी ती बदला.

बाजारातली स्वस्त अँड्रॉइड स्क्रीन बसवायची असेल, तर बॅटरीचे इशारे आणि कॅमेरा तिच्यावर दिसतात का, हे पैसे देण्याआधी गाडीवरच बघा. जाडजूड नारिंगी वायरींना कोणालाही हात लावू देऊ नका. त्या हाय व्होल्टेजच्या असतात.

समृद्धीवर चालत्या गाडीत स्क्रीन गेली, तर बटणं दाबत बसू नका. वेग हळूहळू कमी करा, डावीकडे सुरक्षित जागा बघून थांबा, हझार्ड लावा, मगच रीस्टार्ट करा. हझार्डचं बटण कुठे आहे, हे घरून निघतानाच बघून ठेवा.