जलपर्णीतली मरळ काठावरून कशी काढायची

मरळ गरीला लागणं फार अवघड नाही. अवघड असतात ते त्यानंतरचे तीन-चार सेकंद. तेवढ्यात ती डोकं खाली घालून जलपर्णीच्या मुळांत शिरली, की रॉडच्या टोकाला मासा राहत नाही, चार-पाच किलो पाला राहतो. म्हणून पाल्याने भरलेल्या तळ्यावर सगळा विचार उलट्या टोकाने करायचा. मासा काठावर कुठून घेणार ते आधी ठरवायचं आणि मग फ्रॉग, म्हणजे बेडकाच्या आकाराचं रबरी आमिष, कुठे टाकायचं ते बघायचं. रॉड, दोरी, उभं राहायची जागा, सगळं त्यावरून ठरतं.

यूट्यूबवर दिसणारे बहुतेक व्हिडिओ अमेरिकेतल्या लार्जमाउथ बास या शिकारी माशाचे असतात. मुंबईच्या आसपासच्या तळ्यांत बास नाही. त्या माणसांचं सामान मात्र आपल्याला जवळजवळ जसंच्या तसं चालतं, कारण पोकळ रबरी फ्रॉग पाल्यावरून सरकवायची कला त्यांनीच घासूनपुसून तयार केली. फरक माशात आहे. बास तोंड उघडून पाण्यासकट आमिष आत ओढतो, तर मरळ झडप घालून दातांत धरते. शिवाय मरळीला हवेतून श्वास घेता येतो, आणि पाल्यात ती कुठे आहे ते ओळखायचं तर ही गोष्ट पक्की डोक्यात हवी.

जलपर्णीची दाट चादर पसरली की खाली ऊन पोचत नाही, पाला कुजतो आणि पाण्यातला प्राणवायू घटतो. रोहू-कटला अशा जागेतून उघड्या पाण्याकडे सरकतात. मरळ तिथेच थांबते, कारण काही मिनिटांनी वर येऊन हवेचा एक घोट घेतला की तिचं भागतं. पण त्या घोटासाठी तिला छिद्र लागतं. चादरीतली ताटाएवढी खिडकी, पाल्याची कड, म्हैस पाण्यात उतरते ती वाट, पाणकणसाच्या दोन बुंध्यांमधली फट, अशा जागा ती धरून राहते. पाण्याकडे पंधरा मिनिटं नुसतं बघत बसा. श्वास घेणारी मरळ आवाज फारसा करत नाही. ‘पक्’ असा एक दबका आवाज, मग एक वर्तुळ आणि दोन-चार बुडबुडे. तिलापियाच्या टिचक्या याहून हलक्या असतात आणि एकाच जागी पुन्हापुन्हा होतात. दाट चादरीत वर्तुळ दिसतच नाही, तिथे एखाद-दुसरं पान खालून ढकलल्यासारखं उचललं जातं.

सगळा पाला एकसारखा नसतो. गोंडाळ, म्हणजे पाण्यावर तरंगणारी कोबीसारखी झुडपं, फ्रॉगला सहज वाट देतं. हायड्रिला पाण्याखाली असतं आणि वर वीतभर पाणी मोकळं राहतं. सरळ खेचत आणलेल्या फ्रॉगला याहून चांगली जागा नाही. कमळाच्या देठांना बारीक काटे असतात, त्यांवर दोरी घासते. कुमुदिनीच्या पानाला देठापाशी चीर असते आणि दोरी नेमकी त्या चिरेत जाऊन बसते. सगळ्यात चिवट जलपर्णी. फुगीर देठांत फ्रॉग अडकतो, आणि मासा लागल्यावर लोंबत्या मुळांचा झुबका दोरीभोवती गुंडाळला जातो. निवड असेल तर चादरीच्या मध्यात टाकू नका, कडेपासून चार-पाच मीटर आतपर्यंतच टाका. त्याहून आतली मरळ लागते खरी, पण बाहेर क्वचितच येते.

वाऱ्याचं गणितही मांडून ठेवा. जलपर्णी मुळं रोवून बसत नाही, वाऱ्याबरोबर सरकते. ऑक्टोबरनंतर पावसापर्यंत दुपारी समुद्राकडचं वारं सुटतं, पश्चिमेकडून किंवा वायव्येकडून, आणि तळ्यातला पाला पूर्वेच्या काठाला जाऊन थटतो. सकाळी मोकळी दिसलेली तुमची जागा चार वाजता बंद झालेली असू शकते. संध्याकाळी बसायचं असेल तर पश्चिमेचा काठ धरा. तिथून सरकत्या चादरीची मागची कड समोर राहते आणि मासा ओढायला मोकळं पाणीही मिळतं.

काठाची निवड

पाल्यापासून तुमच्या पायापर्यंतची पाण्याची वाट सरळ रेषेत हवी. मधे झाडाची फांदी, बांबू किंवा दगडी पायरी नको. गणपती-देवीच्या विसर्जनाच्या तळ्यांत तळाला मखराच्या काठ्या, तारा आणि खिळे पडलेले असतात, अशा घाटाच्या समोर मासा खोल जाऊ देणं म्हणजे दोरी गमावणं. काठ पाण्यापासून फूटभरापेक्षा उंच असेल तर दोन मीटर दांड्याचं जाळं लागतंच. मासा दोरीने उचलून वर घ्यायला गेलात तर वजन गरीच्या भोकावर येतं आणि भोक फाटतं.

काठाला लागलेली जलपर्णी जमिनीसारखी दिसते, तिच्यावर पाय देऊ नका. खाली छातीभर पाणी असू शकतं. गवतात शिरताना काठी आपटत जा, फुरसं आणि घोणस आपल्याकडच्या झुडपांत नवी गोष्ट नाही. गुडघ्यापर्यंतचे गमबूट घाला. पायाला जखम असेल तर पावसाळ्यात साचलेल्या पाण्यात उतरू नका, लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस, साचलेल्या पाण्यातून जखमेवाटे होणारा आजार) भीती खरी आहे.

परवानगीचं थोडक्यात. विहार आणि तुळशी ही पिण्याच्या पाण्याची तळी राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत आहेत, तिथे गळ टाकायचा विचारही नको. पवईत गळाने मासे धरण्याची व्यवस्था महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशन बघते, तिथे विचारूनच जा. पवईत मगरी आहेत, त्यामुळे पाण्याच्या कडेला उकिडवं बसून हात धुणं नको. वसई, भिवंडी, पनवेल, कर्जतकडची गावतळी बहुधा ग्रामपंचायतीची असतात किंवा मच्छीमार सहकारी संस्थेला ठेक्याने दिलेली असतात. “दादा, गरवायला बसू का?” एवढं विचारलं की नव्वद टक्के भांडणं मिटतात.

सामान

रॉड साडेसहा ते सात फुटी, ताकदीला हेवी किंवा निदान मीडियम-हेवी. टोक थोडं लवचीक हवं, म्हणजे फ्रॉग नेमका पडतो. खालचा अर्धा भाग मात्र काठीसारखा ताठ असू द्या. ३००० किंवा ३५०० मापाचं (हा आकडा आकाराचा, किमतीचा नव्हे) स्पिनिंग रील नवख्याला पुरतं. बेटकास्टर (रॉडच्या वर बसणारं, आडव्या रिळाचं रील) चालवता येत असेल तर ते अधिक चांगलं, अंगठा दाबून दोरी एकदम थांबवता येते.

दोरी ५० पौंडी ब्रेड, म्हणजे वेणीसारखी विणलेली दोरी. ४० पौंडी चालते, त्याखाली जाऊ नका. पाल्यात ब्रेडचा फायदा ताकदीपुरता नाही. ती ताणत नाही, त्यामुळे झटका थेट गरीपर्यंत पोचतो, आणि देठांतून करवतीसारखी कापत निघते. नायलॉन इथे रबरासारखी ताणते आणि माशाला खाली जायला हवा तेवढा वेळ देते. लीडर, म्हणजे आमिषाआधी जोडायचा वेगळ्या दोरीचा तुकडा, लावायची गरज नाही. एवढ्या गढूळ, पाल्याच्या पाण्यात ब्रेड माशाला खुपत नाही, उलट लीडरची गाठ पाल्यात अडकत राहते. गाठ पालोमार: वीतभर दोरी दुहेरी करून फ्रॉगच्या पुढच्या कडीतून घाला, सैल गाठ मारा, फासातून अख्खा फ्रॉग काढा, थुंकीने ओली करून घट्ट ओढा. कोरडी ओढली तर ब्रेड घासून तिथेच कमकुवत होते.

ड्रॅग, म्हणजे किती ओढीला रीलमधून दोरी सुटेल ते, हाताच्या अंदाजावर सोडू नका. भाजीवाल्याकडे असतो तसा स्प्रिंगचा काटा दोरीला अडकवा आणि रॉड वाकवून ओढा. काटा ६ किलोवर आल्यावर दोरी सुटायला हवी. ५० पौंड म्हणजे साधारण साडेबावीस किलो, त्याचा हा चौथा हिस्सा. याहून सैल ठेवलं तर झटका मारताना दोरी सरकते आणि गरी जबड्याच्या कातडीपुरती टोचते.

फ्रॉग पोकळ, दोन गऱ्यांचा, पाच-सहा सेंटिमीटर लांब, १२ ते १५ ग्रॅम वजनाचा. दुकानातून आणल्यावर त्याच्यावर तीन कामं करा. पहिलं, फ्रॉग बोटांत दाबून बघा. पाठ चेपल्यावर गऱ्यांची टोकं लगेच उघडी पडली पाहिजेत. रबर कडक असेल तर फ्रॉग पाच मिनिटं गरम पाण्यात ठेवून मळा. दुसरं, पक्कडीने दोन्ही गऱ्या अगदी किंचित, गव्हाच्या दाण्याएवढ्या, बाहेर आणि वर वळवा. जास्त वळवल्या की फ्रॉग पाला गोळा करत येतो. तिसरं, मागचे रबरी धागे एका बाजूचे थोडे आखूड कापा. दोन्ही बाजू सारख्या लांब असल्या की फ्रॉग सरळ रेषेत येतो, आखूड-लांब असल्या की डावी-उजवी मान टाकतो. दाट जलपर्णीसाठी पोटात मागच्या बाजूने दोन-तीन शिशाच्या गोळ्या सरकवा. जड फ्रॉग पानांवर टेकून बसतो, त्यामुळे मरळीला खालून तो नेमका कळतो.

जिवंत बेडूक लावायची जुनी रीत सोडून द्या. रबरी फ्रॉगने काम भागतं आणि पाल्यात तो जास्त टिकतोही.

टाकणं आणि खेळवणं

काठावर पाय आपटत जाऊ नका. मोठी मरळ पुष्कळदा काठापासून हातभरावरच असते. पाण्यापासून दोन पावलं मागे उभे राहा आणि पहिले तीन-चार कास्ट काठाला समांतर टाका, मग पंख्यासारखे पसरत आत जा. फ्रॉग खिडकीत टाकू नका. खिडकीच्या पलीकडे दोन मीटर टाका आणि पानांवरून सरकवत आणा. खिडकीच्या कडेवर आला की थांबवा, पाचपर्यंत मोजा, मग हलकेच पाण्यात उतरवा. बहुतेक झडपा इथेच पडतात, उतरताना किंवा उतरून थांबल्यावर. उघड्या पाण्यात रॉडचं टोक खाली धरून मनगटाने लहान-लहान झटके द्या. प्रत्येक झटक्यानंतर दोरीला किंचित ढील दिली तर फ्रॉग जागच्या जागी वळतो. ढील विसरलात तर तो नुसता ओढला जातो.

वेळ म्हणाल तर सकाळी उजाडल्यापासून नऊपर्यंत, संध्याकाळी साडेचारपासून अंधार पडेपर्यंत. ढगाळ दिवशी दिवसभर. डिसेंबर-जानेवारीतल्या गार सकाळी घाई करू नका, ऊन चढल्यावर जा. एप्रिल-मेत पाणी आटतं, उरलेल्या पाल्यात मासा गोळा होतो, आणि काठावर उभं राहायला कोरडी जमीनही मिळते.

झडप पडल्यावर

आवाज मोठा होतो आणि हात आपोआप वर जातो. शंभरातल्या नव्वद वेळा मासा इथेच सुटतो. फ्रॉग दिसेनासा झाला का ते आधी बघा. दिसत असेल तर मरळीने नुसता धक्का दिला आहे, रॉड हलवू नका. पाच सेकंद थांबा, एकदा थरथरवा. पुन्हा आली नाही तर त्याच जागी ४/० मापाच्या रुंद गरीवर, टोक रबरात लपवलेला, बिनवजनाचा रबरी गांडूळ टाका. हा दुसरा रॉड आधीच तयार ठेवलेला हवा.

फ्रॉग नाहीसा झाला असेल तर ‘एक, दोन’ म्हणा. तेवढ्यात रॉडचं टोक माशाकडे खाली न्या, रीलने ढील गोळा करा आणि दोन्ही हातांनी जोरात वर खेचा. खेचणं आणि रील फिरवणं यात खंड नको. पहिले चार-पाच फेरे माशाचं डोकं पाण्यावर ठेवण्यासाठी असतात. डोकं वर असलं की तो पाल्यावरून घसरत येतो, खाली वळला की मुळं धरतो. समुद्रात करतात तसा रॉड वर-खाली पंप करू नका, टोक खाली आणताना मिळणारी ती अर्ध्या सेकंदाची ढील मरळीला पुरते.

तरीही ती पाल्यात शिरली, तर झटके देऊ नका. झटक्याने गरीचं भोक मोठं होतं. ताण कायम ठेवून तीन-चार पावलं मागे चाला. पाला आणि मासा एकत्र गठ्ठ्याने सरकू लागतो, तसाच काठापर्यंत आणा. काहीच हललं नाही तर रॉड दोरीच्या रेषेत सरळ धरा, चामड्याचे हातमोजे घाला आणि दोरी हाताने हळू ओढा. उघड्या हाताला गुंडाळलेली ब्रेड हाडापर्यंत कापते. पाण्यात मात्र उतरायचं नाही, फ्रॉग गेला तर गेला.

मरळीच्या तोंडात हात घालू नका, दात तीक्ष्ण असतात. खालचा जबडा लिप-ग्रिपने (जबडा पकडायच्या चिमट्याने) धरा आणि आठ इंची लांब चोचीच्या पक्कडीने गरी फिरवून काढा. काठावर सोडाल तर ती सापासारखी वळत पुन्हा पाण्याकडे जाते, म्हणून ओल्या गोणपाटावर ठेवा. सांडपाणी येणाऱ्या तळ्यातला मासा, पवईचा धरून, खाऊ नका, सोडून द्या.

जून-जुलैत पाण्यावर तांबूस-केशरी पिल्लांचा पुंजका एकत्र वर-खाली होताना दिसला तर तिथे फ्रॉग टाकू नका. खाली आई-बाप राखण करत असतात आणि हल्ला नक्की करतात, पण ते पकडले गेले की तिलापिया काही मिनिटांत पिल्लं संपवते. समुद्रातल्या पावसाळी बंदीचा गावतळ्याशी संबंध नाही, तेव्हा हा नियम आपला आपणच पाळायचा.

निघताना फ्रॉग दाबून आतलं पाणी काढा, नाहीतर पुढच्या रविवारी गऱ्यांवर गंज दिसेल. ब्रेडचा शेवटचा मीटरभर भाग कापून टाका, देठांनी तो फुलारलेला असतो. जाळ्याला, बुटांना चिकटलेले जलपर्णीचे तुकडे तिथेच काठावर कोरड्यात झटका, कारण एक रोप दुसऱ्या तळ्यात पोचलं की पुरतं.